जयवंताच्या विहिरीचं पाणी

भरलेली कळशी माधवीनं दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर थबकली, आणि सगळंच्या सगळं पाणी परसातल्या अळवात ओतून दिलं!

चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या जयवंताचा हात परातीतच थांबला. ते पाणी तिनं उजाडायच्या आत स्वतः शेंदून आणलं होतं, स्वतःच्या विहिरीचं... आणि काल-परवा या घरात आलेल्या धाकट्या जावेनं ते तिच्या डोळ्यांदेखत मातीत घालावं?

"माधवी! काय केलंस गं हे?"

माधवीनं रिकामी कळशी पालथी घातली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर जयवंताला बरं वाटलं असतं!

"आक्का, वाईट वाटून घेऊ नका. पिण्याच्या कळशीत हे पाणी बघून कुणीतरी चुकून सौम्याच्या दुधाला घेईल, म्हणून ओतलं. भांड्यांला, जनावरांला चालतंय. मी तुमाला सांगिटलंय न्हवं?"

"सांगिटलंस की! आधी समद्या गावाला सांगिटलंस, आन मग मला!"

माधवीनं मान खाली घातली. पाळण्यात तिची तान्ही सौम्या कुरकुरली तशी ती आत निघून गेली. जयवंता तव्यावरच्या भाकरीकडं बघत राहिली. भाकरी करपली, घरभर धूर झाला, आणि तिच्या काळजात जे जळत होतं त्याचा धूर मात्र कुणालाच दिसला नाही...

निपाणीपासून आडबाजूला, उसाच्या फडांमागं लपलेलं आडमाळ हे गाव. जयवंता लग्न होऊन इथं आली तेव्हा बायका पाण्यासाठी दूरच्या ओढ्यावर जायच्या, आणि उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डा काढून वाटीवाटीनं घागर भरायच्या. तिचा नवरा तम्मण्णा हट्टाला पेटला. शेतात विहीर काढायचीच! मजूर लावायची ऐपत नव्हती. तो खाली पहार मारायचा आणि नवी नवरी जयवंता डोईवर पाट्या घेऊन दगडमाती वर आणून टाकायची. तिच्या पोटात तेव्हा बाळ होतं. सासू म्हणायची, "बस गं जरा." पण खाली खडकातून ओल दिसू लागली होती, आणि जयवंताला थांबवेना. ज्या आठवड्यात विहिरीला पाणी लागलं, त्याच आठवड्यात तिचं पोट पडलं... पुन्हा तिची कूस कधी उजवली नाही.

त्या विहिरीचं पाणी मात्र अमृतासारखं गोड निघालं! सगळं गाव तिथं लोटलं, आणि गावानंच तिला नाव दिलं, 'जयवंताची विहीर'. गावात नवी नवरी आली की पहिली घागर भरायला तिथंच यायची, डोहाळे लागलेली बाई "जयवंताच्या विहिरीचं पाणी आणा" म्हणायची. पाण्याला आलेली प्रत्येक बाई तिला "आक्का" म्हणून हाक मारायची, आणि त्या प्रत्येक हाकेत जयवंताला न जन्मलेल्या लेकराची हाक ऐकू यायची. ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती. धाकटा दीर किशन तेव्हा शाळकरी पोर होता. लवकरच सासू वारली, आणि किशनला तिनंच वाढवलं. एक विहीर आणि एक दीर... देवानं जे दिलं नाही, ते तिनं या दोघांत शोधलं होतं.

आणि माधवी आली!

बेळगावजवळच्या कंग्राळीची, विज्ञान शिकलेली, कानडी पाण्यासारखी बोलणारी. पंचायतीत कानडी कागद आला की लोक "माधवीताई, जरा वाचून दावा" म्हणत दारात यायचे. या दारात पूर्वी लोक यायचे ते जयवंताकडं! किशन तर बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. "वैनी, तुझ्या हातची आमटी म्हंजे..." म्हणून बोटं चाटणारा तिचा किशन, आता जेवता जेवता माधवीशी गावच्या योजनांवर बोलत बसायचा, आणि वाटी रिकामी झाली तरी त्याच्या ध्यानात यायचं नाही. मग सौम्या झाली. बाळाला पहिल्यांदा हातात घेताना जयवंताचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी एक काळा, विषारी विचार सळसळत वर आला... हिलाच का? समदं हिलाच का?

पंचायतीनं गावोगावच्या काही बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात माधवी होती. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बायका जमवून तिनं एकेका विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषध टाकलं. जयवंताच्या विहिरीची नळी बघता बघता गडद गुलाबी झाली. "ह्यात नायट्रेट लई हाय," माधवी सर्वांसमोर म्हणाली. "भोवतीच्या उसाला वर्षानुवर्षं युरिया पडतोय, तो जिरून विहिरीत उतरलाय. चवीला कळत न्हाय. मोठ्यांला लगेच काय होत न्हाय, पण तान्ह्या लेकराच्या दुधात हे पाणी गेलं तर जिवावर बेततंय."

बायकांमध्ये कुजबुज झाली. जयवंता मागच्या रांगेत बसली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या, आणि तिला वाटलं, त्या नळीत आपलं रक्तच धरून दाखवलंय हिनं!

त्याचा सूड तिनं ग्रामसभेत घेतला. वेदगंगा नदीचं शुद्ध केलेलं पाणी नळानं गावात आणायची योजना होती, गावानं फक्त ठराव करायचा होता. जयवंता कधी नव्हे ती उभी राहिली. "आजवर ह्या विहिरीनं तुमाला पाजलं. कोण मेलं का? तुमची पोरं ह्याच पाण्यावर थोर झाली न्हवं? आता दोन बुकं शिकलेली सांगती, तर गोड पाणी इष झालं व्हय?" बायका तिच्या बाजूनं कलकलल्या. ठराव बारगळला. जयवंता ताठ मानेनं घरी आली. पण उंबऱ्यात किशन उभा होता.

"वैनी, चुकलीस तू," एवढंच बोलून तो आत गेला.

तो शब्द तिच्या उरात खिळ्यासारखा रुतला.

बाळंतपणानंतरच्या तापात माधवीचं दूध आटलं होतं, म्हणून सौम्या डब्यातल्या पुडीच्या दुधावर होती. त्या दुधासाठी किशन निपाणीहून पाण्याचे कॅन आणायचा. ठराव फसला तरी माधवी हरली नव्हती. ती रोज सकाळी बाहेर पडायची, कधी पंचायतीत, कधी शेजारच्या गावांतल्या बायकांकडं, आणि दिवसभर सौम्या जयवंताजवळ असायची. ते तास जयवंताचे होते! ती बाळाला न्हाऊ घालायची, काजळाचा ठिपका लावायची, आणि अंगाई म्हणता म्हणता स्वतःच रडायची. संध्याकाळी माधवीची चाहूल लागली की सौम्या हातपाय झाडत हसायची... आणि जयवंताच्या मांडीवरचं ऊबदार ओझं एका क्षणात दुसऱ्याचं होऊन जायचं.

माधवीनं कळशी ओतली त्या सकाळी जयवंताच्या मनातल्या हेव्याच्या ठिणगीनं पेट घेतला. माझ्या हातचं पाणी हिला इष वाटतं व्हय? बघू या! माझंच पाणी पिऊन पोर कशी बाळसं धरती, आन मग गावासमोर सांगते, बघा गं, शिकलेलीची पोर कुणाच्या पाण्यावर वाढली!

माधवी गेल्यावर तिनं विहिरीचं पाणी चुलीवर ठेवलं. बाळाला काही होऊ नये म्हणून, हो, तिच्या जिवाला तेवढी काळजी होतीच, ते पाणी तिनं पुन्हा पुन्हा उकळलं, पार आटेस्तोवर उकळलं. निववून त्यात दूध कालवलं. कॅनमधलं तेवढंच पाणी तिनं नेऊन अळवात ओतलं. सौम्यानं गटागटा दूध संपवलं आणि ढेकर दिली. जयवंताचा ऊर अभिमानानं भरून आला!

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी माधवी म्हणायची, "आक्का, तुमच्याजवळ किती शांत राहती ही!" आणि जयवंता पदराआड हसायची.

एके दुपारी सौम्या किरकिर करू लागली. दूध घेईना. मग रडणंही मंदावलं. दृष्ट लागली म्हणून जयवंतानं मीठमोहऱ्या घेतल्या, ओवाळून चुलीत टाकल्या, आणि बाळाकडं वळून बघते तो... ओठ जांभळे! इवल्या बोटांची नखं जांभळी! गोऱ्या कपाळावर राखेसारखा रंग चढलेला!

"सौम्या! अगं बाळा... माझे आई!"

बाळ उराशी धरून ती अनवाणी शेताकडं धावली. "अवं, धावा! पोरीला काय झालंय बघा!" तिच्या किंकाळीनं तम्मण्णा उसातून धावत आला. रस्त्यावरची एक जीप थांबवून ते निपाणीला पोचले. माधवी आणि किशन तिथंच येऊन मिळाले. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, पण रंग काही बदलेना. त्यांनी बेळगावच्या एका मुलांच्या डॉक्टरांना फोन केला आणि रुग्णवाहिका बोलावली. वाटभर माधवी मुलीचा तळवा कुरवाळत होती. जयवंता समोर बसून आपले हात बघत होती. आपलीच दृष्ट लागली का हिला? आपण जळत होतो, ती आगच लागली का या लेकराला?

बेळगावात रक्त काढलं. ते लाल नव्हतं, गुळाच्या काकवीसारखं तपकिरी होतं! डॉक्टरांनी लगेच विचारलं, "दुधात पाणी कुठलं घालता?"

"कॅनचं," किशन म्हणाला.

"नाही. हे विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटनं होतं. खरं सांगा, वेळ घालवू नका."

माधवीनं मान वर केली. तिची नजर जयवंताच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर जाऊन थांबली... आणि एका क्षणात तिला सगळं उमगलं. जयवंतानं डोळे मिटले. आता ही ओरडेल, आता झिंज्या धरेल...

"डॉक्टर," माधवीचा आवाज अगदी हळू होता, "मीच दिलं. कॅन संपला होता. घाईत हुते... विहिरीचंच घातलं."

"तू?" किशन कडाडला. "गावभर सांगत फिरतीस, आन सोताच्या पोरीला..." माधवी भिंतीला टेकून उभी होती, गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिनं एक शब्द परत घेतला नाही.

आणि काय ते माणसाचं मन! त्या घडीलाही जयवंताच्या काळजात पहिली उठली ती कृतज्ञता नव्हती, तो हेवाच होता. हिनं माझं पाणी घेतलं, माझा दीर घेतला, माझं नाव घेतलं... आता माझं पापसुद्धा हीच घेणार? हिचा मोठेपणाही मीच सोसायचा?

"पाणी उकळलं होतं का?" डॉक्टरांनी नर्सला औषध आणायला खुणावत विचारलं.

माधवी गोंधळली. तिला ते ठाऊक नव्हतं.

"व्हय! लई उकळलं हुतं!" जयवंताच्या तोंडून निघून गेलं. "पार आटेस्तोवर उकळलं हुतं जी!"

सगळे तिच्याकडं वळले. डॉक्टर खेदानं म्हणाले, "तिथंच घात झाला, बाई. उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही मरत. पाणी आटतं तसं ते आणखी दाट होतं."

जयवंता मटकन खाली बसली. "म्या दिलं..." ती फरशीवर कपाळ आपटू लागली. "माधवी खोटं बोलती! रोज म्या दिलं. कॅनचं पाणी ओतून टाकून दिलं. मायेनं उकळून उकळून इष दाट केलं म्या... माझ्या लेकरासाठी!"

माधवी तिला धरायला वाकली. पण किशन मध्ये आला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो सहन होत नव्हता. "वैनी, आई म्हणून तुझ्या हाताखाली वाढलो मी. पर आता माझ्या पोरीला हात लावू नगंस."

निळ्या रंगाचं औषध बाळाच्या शिरेत गेलं. काचेपलीकडून जयवंता बघत होती. हळूहळू, अगदी हळूहळू ओठांवरचं जांभळेपण ओसरलं, आणि सौम्या रडली, खणखणीत, रागावून! तो आवाज ऐकून जयवंतानं काचेला हात जोडले. आत जायला ती वळली मात्र नाही...

बाळ घरी आलं. जयवंता पाळण्याच्या वाटेनं जायची नाही. स्वयंपाक करून ताटं वाढायची आणि गोठ्याशी जाऊन बसायची. माधवी दोनदा बोलायला आली, तेव्हा ती उठून निघून गेली.

एका सकाळी विहिरीवर रहाटाचा आवाज आला. शेजारच्या अक्काताईची सून पाणी शेंदत होती. ती नुकतीच माहेरहून बाळंतीण होऊन आली होती, उराशी झोळीत तान्हं होतं. "आक्का, सासूबाई म्हणत्यात, ह्याच पाण्यात वरचं दूध कालवून दे, पचतंय," ती हसून म्हणाली. आणखी चार-सहा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

जयवंतानं धावत जाऊन दोर धरला. "थांब! नगं भरू!"

"का वो आक्का?"

जयवंतानं दोर सोडला नाही. एक शब्द बोलला की संपलं सारं. ते नाव, तो मान, त्या हाका... सगळं या काठावरच बुडणार होतं. तिनं त्या तान्ह्याकडं बघितलं. त्याचे ओठ गुलाबी होते.

"पिऊ नगा हे पाणी," ती म्हणाली. "आमच्या सौम्याला दवाखान्यात न्हेलं ते ह्याच पाण्यापायी. म्या पाजलं तिला, चोरून, माधवीवरच्या जळफळाटानं. ग्रामसभेत बोलले ते बी त्याच जळफळाटानं. ती खरं बोलत हुती."

"माधवीनं शिकवून पाठवलं व्हय तुमाला?" मागून एकीनं टोमणा मारला.

"न्हाय गं!" जयवंताचा बांध फुटला. "ही विहीर काढताना माझ्या पोटात बाळ हुतं. पाट्या वाहता वाहता ते गेलं... तवापासनं हीच माझं लेकरू! कुठली आई सोताच्या लेकराला वाईट म्हणंल? पर म्या म्हणते. एक लेकरू हिच्यापायी गेलं, दुसरं जाता जाता वाचलं. आता तुझं नगं गं बाई! पाया पडते, ती घागर ओत!"

अक्काताईच्या सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि घागर कलती केली. पाणी काठावरून वाहत गेलं. एकेक करून बाकीच्या बायकांनीही घागरी ओतल्या आणि त्या मान खाली घालून निघून गेल्या.

जयवंता वळली, तर मागं माधवी उभी होती. केव्हापासून, कोण जाणे!

"आक्का... हे मला कधीच का न्हाय सांगिटलंसा?"

"काय सांगू?" जयवंता हुंदके देत म्हणाली. "तुझ्या मांडीवर लेकरू बघून जळत हुते मी, माधवी! तुझ्या शिक्षणावर, तुझ्या कानडीवर, किशन तुझं ऐकतोय त्याच्यावर... समद्यावर जळत हुते!"

"आन मी?" माधवी एक पाऊल पुढं आली. "मी जळत न्हवते असं वाटलं तुमाला? जेवायला बसलं की ह्यांच्या तोंडात वैनीची आमटी, वैनीची भाकरी. माझी नळी खरं सांगायची, तरी बायका तुमचं ऐकायच्या. त्या दिवशी व्हरांड्यात मी मुद्दाम समद्यांच्या म्होरं तुमच्या विहिरीची नळी धरली, आक्का! आधी घरी येऊन तुमाला सांगाय पायजे हुतं. तुमाला इश्वासात घेतलं असतं, तर तुमी चोरून..." तिनं वाकून जयवंताचे पाय धरले. जयवंतानं तिला उठवून पोटाशी घेतलं. त्या दोघी, आजवर एकमेकींच्या पानाकडं बघून अर्धपोटी राहिलेल्या, विहिरीच्या काठावर गळ्यात गळा घालून रडल्या...

पुढच्या ग्रामसभेत जयवंता पुन्हा उभी राहिली. माधवीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि नळाचं पाणी आणा म्हणून जयवंतानंच गावाला सांगितलं. ठराव झाला. बाजूनं पहिला हात वर गेला तो अक्काताईच्या सुनेचा.

ठरावाची कागदपत्रं घेऊन माधवीला बेळगावला जायचं होतं. किशनलाही कामावर जाणं भाग होतं. "सौम्याला अक्काताईकडं ठेवतो," तो आदल्या दिवशी म्हणाला होता. माधवीनं नुसतं त्याच्याकडं बघितलं होतं.

सकाळी जयवंता गोठ्यात शेण काढत होती. दारात सावली पडली. किशन उभा होता, कडेवर सौम्या, एका हातात पाण्याचा कॅन.

"वैनी," तो म्हणाला, "अक्काताईकडं गेलतो. दारातनंच माघारी आलो." त्यानं कॅन खाली ठेवला. "दुपारी ही पाळण्यात झोपत न्हाय. मांडीवर घे."

जयवंतानं शेणाचे हात मागं लपवले. "किशन... माझ्याजवळ?"

"हात धू, मग घे," तो म्हणाला आणि लहानपणी चुकल्यावर रडायचा तसा, ओठ दुमडून रडू लागला. "मला तरी दुसरं कोण हाय गं, वैनी?"

वर्ष सरता सरता आडमाळात नळ आला. देवळापुढच्या चौकात बायकांची झुंबड उडाली, हसणं-खिदळणं माळापर्यंत ऐकू येत होतं. बायका आता जयवंताच्या दारावरून थेट नळाकडं जायच्या. घाईत कुणी हाक मारायची, कुणी विसरायची. त्या सकाळीही एकजण हाक न मारताच निघून गेली, आणि जयवंताच्या उरात कुठंतरी एक जुनी, ओळखीची कळ उठली...

पण मांडीवर सौम्या तिच्या हातचं पेलाभर नळाचं पाणी दोन्ही हातांनी पेला धरून पीत होती, अर्धं सांडत, अर्धं गिळत. जयवंतानं ती कळ तशीच येऊन जाऊ दिली आणि पदरानं बाळाची हनुवटी पुसली.